दुखत नाही म्हणून दाखवले नाही : आपल्या सीमाभागात कर्करोगाविषयी कोणत्या भाषेत बोलावे?

वाचनालय कार्यवाह (बेळगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात मराठी घरे जास्त आहेत, पण वरच्या गल्लीत कन्नड बोलणारी लिंगायत कुटुंबे आहेत, ओढ्यापलीकडे उर्दू-दख्खनी बोलणारी वस्ती आहे आणि ऊसतोडीच्या हंगामात लमाणी टोळ्याही मुक्कामाला येतात. गेल्या वर्षी वाचनालयातर्फे आम्ही कर्करोग तपासणीचे शिबिर घेतले. पत्रके छापली ती फक्त मराठीत, आणि आलेले लोकही जवळजवळ सगळे मराठीच होते. ही चूक माझी आहे. पण हा धागा काढण्याचे कारण त्याहून वेगळे आहे.

त्याच शिबिरात माझ्या थोरल्या वहिनींच्या स्तनात गाठ असल्याचे तपासणाऱ्या डॉक्टरांना आढळले. पथकाने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. वरचा मजकूर इंग्रजीत होता, शिक्का कन्नडमध्ये होता आणि वहिनींचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे आहे. पुढे कुठे जायचे, किती दिवसांत जायचे, सोबत काय न्यायचे, हे त्यांना कोणीही समजावून सांगितले नाही. त्यांनी ती चिठ्ठी चार घड्या घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि सात महिने ती तिथेच राहिली. मी विचारले, "वहिनी, इतके दिवस बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "अहो भावजी, दुखत कुठं होतं? दुखलं असतं तर सांगितलं असतं की."

आता शस्त्रक्रिया झाली आहे आणि पुढील उपचार चालू आहेत. मला मात्र ते एक वाक्य सोडत नाही. कर्करोग झाला तर वेदना होणारच, असे आपल्याकडे घरोघरी गृहीत धरलेले असते. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, ही गोष्ट आमच्या पत्रकात कुठेही नव्हती. त्यात आकडे होते, कर्करोगाचे प्रकार होते आणि शेवटी 'जागरूक राहा' असे होते.

यंदा पुन्हा शिबिर घ्यायचे आहे. ७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन आहे, पण आपल्या भागात १ नोव्हेंबरच्या (एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन) आसपासचे वातावरण कसे असते, हे मी वेगळे सांगायला नको. त्या आठवड्यात मराठी मंडळाच्या फलकाखाली कन्नड घरांतील बाया येतील का आणि उलट बाजूने आपल्या बाया जातील का, याची मला शंका आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

दंतवैद्य, चिकोडी

कार्यवाह, आपल्या वहिनींना लवकर बरे वाटो. त्यांचे वाक्य माझ्या खुर्चीवर मी तीन भाषांत ऐकत आलो आहे. तोंडात पांढरा चट्टा असतो, गालाची आतली बाजू सुपारीने चामड्यासारखी कडक झालेली असते आणि माणूस येतो तो दाढ किडली म्हणून. चट्ट्याविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते, "तो काय दुखत नाही."

आमच्या भागात मावा खाणारी मुले आठवी-नववीपासून दिसतात. गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मावा मात्र टपरीवरच प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोळून दिला जातो. त्याला ना वेष्टन असते ना वेष्टनावरचे धोक्याचे चित्र. शिवाय नुसती सुपारी खाल्ली तर काही होत नाही, हा समजही पक्का आहे. प्रत्यक्षात तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवले आहे.

मी शिबिरात पत्रक वाटत नाही. मी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटे उभी जोडून तोंडात घालायला सांगतो. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज जातात. गेल्या खेपेस एका माध्यमिक शाळेत एका मुलाची दोनच बोटे गेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मग शेजारच्या मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि हात खाली घेतला. त्या वर्गात मला पुढे काही सांगावे लागले नाही. त्यात भाषेचा प्रश्नच येत नाही. कन्नड शाळेत, मराठी शाळेत आणि उर्दू शाळेत मी हेच करतो.

तोंड नुसते डोळ्यांनी तपासण्याचा उपयोग किती होतो, याची शंका असेल त्यांच्यासाठी सांगतो. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र लागले नाही, एक विजेरी पुरली. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, एवढे तीन मुद्दे लोकांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ आहे.

निपाणीकर

दंतवैद्यांच्या लिहिण्याशी मी सहमत आहे, पण आमच्या गावाची अडचण मांडल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. निपाणी परिसर तंबाखूवर उभा राहिला आहे. १९८१ मध्ये भावासाठी तंबाखू शेतकऱ्यांनी येथे केलेले आंदोलन साऱ्या देशाने पाहिले. माझ्या आजीने आयुष्यभर वखारीत तंबाखू चाळली आणि आई अजून विड्या वळते. अशा घरात जाऊन 'तंबाखू म्हणजे विष' असे पहिलेच वाक्य उच्चारले, तर समोरची बाई सूप बाजूला ठेवत नाही, ती बोलणाऱ्याला बाजूला ठेवते. त्या विषावर तिने मुलांची फी भरलेली असते.

आमच्या गल्लीत यश आले ते वेगळ्या वाटेने. आम्ही सुरुवात मशेरीपासून केली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बोटांनी चुरायची आणि डबीत भरायची, हे काम सकाळी चहाच्या आधी होते. धुराने लहान मुले खोकत असतात. मशेरी लावणाऱ्या बहुतेक बायांना आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही. 'तुम्ही तंबाखू खाता का?' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात आणि सर्वेक्षणाच्या कागदावर 'नाही' लिहिले जाते. म्हणून प्रश्न असा विचारावा : "मशेरी दिवसातून किती वेळा लावता?" हाच प्रश्न कन्नडभाषक घरात विचारताना नुसते शब्द बदलून चालत नाही. तिथे कोणी पानाबरोबर जर्दा खाते, कोणी गालात तंबाखूची चिमूट धरते. ज्या घरात जे चालते त्याचे नाव घेऊन विचारल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही.

सोडायचे ठरवलेल्यांसाठी तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तिथे प्रादेशिक भाषांतूनही बोलता येते. आमच्याकडे दोन जणींनी त्याचा उपयोग केला. त्यांतील एकीची मशेरी सुटली, दुसरीची कमी झाली आहे.

खानापूर घाटमाथा

मी बारा वर्षे आशा कार्यकर्त्यांबरोबर जंगलभागातील गावांत फिरते. ताईंनी, दादांनी वर जे लिहिले आहे त्यात बायकांच्या तपासणीविषयी थोडे जोडते. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहिते.

तिशीनंतर प्रत्येकाची तोंडाच्या, स्त्रियांची त्याबरोबर स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्यासाठी आशा घरोघरी एक अर्ज भरते. तोंड आणि स्तन तपासून घ्यायला बाया तयार होतात. गर्भाशयमुखाचे नाव काढले की दार बंद होते, कारण त्या अवयवासाठी घरात बोलायचा शब्दच नाही. 'गर्भाशयमुख' हा शब्द मी बारा वर्षांत एकाही बाईच्या तोंडून ऐकलेला नाही. 'पिशवीचं तोंड' म्हटले की लगेच कळते. 'योनिमार्गातून स्राव' म्हटले की मान खाली जाते. 'अंगावरून जातं का?' असे विचारले की उत्तर येते. संबंधानंतर रक्त जाणे आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जाणे, ही दोन लक्षणे तर मी नेहमी माझ्या एका नात्यातल्या बाईची गोष्ट म्हणून सांगते. मग चारचौघींतली एखादी निघताना मागे रेंगाळते आणि माझा हात धरते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात तपासणीची माहिती द्यावी, असे सगळेच सुचवतात. कन्नड घरांतही अरिशिण-कुंकुम असतेच, त्यामुळे दोन्ही भाषांच्या बाया एकत्र येतात, हे खरे आहे. आम्हीही दोन वर्षे तसेच केले. तिसऱ्या वर्षी यादी पाहताना माझ्या लक्षात आले की आमच्या तपासणीत एकही विधवा नव्हती. गावातल्या पन्नाशी-साठीच्या बायांपैकी कितीतरी विधवा आहेत, त्यांनाच या रोगांचा धोका अधिक आहे आणि आम्ही निवडलेल्या समारंभाला त्यांना बोलावणेच नव्हते. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. तेव्हापासून आम्ही रेशन दुकानाच्या वाटपाच्या दिवशी आणि पेन्शनच्या दिवशी बसतो. तिथे सगळ्याच येतात.

पिशवीच्या तोंडाची तपासणी म्हणजे काय, हे आधी सांगितले की भीती निम्मी होते. सौम्य ऍसिटिक ऍसिड, म्हणजे शिरक्यासारखे पाणी, कापसाने लावतात आणि एक मिनिट थांबतात. बदल झालेला भाग पांढरा दिसतो. कापणे नाही, भूल नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या लोकांनी दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून हीच तपासणी सुमारे पंचाहत्तर हजार बायकांच्या गटात केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. दहावी शिकलेल्या मुली आपल्या प्रत्येक गावात आहेत.

कॅम्प, बेळगाव

घाटमाथा ताईंचे विधवांविषयीचे निरीक्षण वाचून मी थांबले. आमच्याकडे असाच एक गट सुटतो, तो दख्खनी बोलणाऱ्या बायांचा.

मी मुस्लिम कुटुंबातील आहे, शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि घरी आम्ही दख्खनी बोलतो. आमच्या मोहल्ल्यात उर्दूतले छापील पत्रक आणले तर ते लखनौच्या उर्दूत असते आणि माझ्या सासूबाईंना ते मराठी पत्रकाइतकेच परके वाटते. त्या म्हणतील, "दुखता नै बोलके छोड दिए." हेच वाक्य लिहिणारे पत्रक मी अजून पाहिलेले नाही.

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीत सूचना द्यावी, असे अनेक जण सुचवतात. त्याचा उपयोग होतो, कारण पुरुषांनी ऐकले की बाईला बाहेर पडायला परवानगी मिळते. परंतु मशिदीत बाईच्या शरीराचे नाव घेतले जाणार नाही, हे आधीच ओळखावे. तिथे एवढेच सांगावे की अमुक दिवशी बाई डॉक्टर येणार आहेत, तपासणी मोफत आहे, पडद्याची सोय आहे. बाकीचे घरात, बायकांत बोलावे. 'बाई डॉक्टर' हे शब्द आमच्याकडे दहा पत्रकांचे काम करतात.

मुलींच्या लसीविषयीही लिहिते, कारण अफवा आमच्याकडे फार आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातून होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२३ मध्ये बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वयातील मुलींना प्राधान्याने लस द्यावी असे सांगते आणि एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे तिने २०२२ मध्ये म्हटले आहे. लस घेतली तर मुलीला मूल होत नाही, हे मी माझ्या कानांनी तीन भाषांत ऐकले आहे. अफवेला भाषांतराची गरज लागत नाही. त्याचा खुलासा मात्र एकाच भाषेत छापला जातो. मी माझ्या मुलीला लस दिली आहे आणि हे मी मोहल्ल्यात उघडपणे सांगते.

सीमावासी

विषय चांगला आहे, पण भाषेची चर्चा निघाली की आपल्याकडे ती कुठे जाते हे सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी मोफत उपचारांची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा आजारी माणूस बाजूला राहिला आणि वाद पुढे गेला. माझी विनंती एवढीच की शिबिराच्या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा, समितीचा किंवा संघटनेचा फलक नसावा आणि कोणता दाखला कुठे चालतो हे सांगणारा एक माणूस टेबल टाकून बसवावा. मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोव्यातले बांबोळी, बेळगावातच उपचार, असे पाच रस्ते आपल्यासमोर असतात. नातेवाईक जिथे असतील तिथे माणूस जातो आणि मग कागद अपुरे म्हणून परत येतो.

बैलहोंगल

माझी मातृभाषा कन्नड आहे. बेळगावात नोकरी झाली, त्यामुळे मराठी वाचतो आणि लिहितो. चुका असल्यास सांभाळून घ्यावे. कार्यवाह, आमच्या बाजूच्या बाया मराठी मंडळाच्या शिबिराला येतील का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की त्यांना मंडळाने बोलावून चालणार नाही, त्यांच्या ओळखीच्या बाईने बोलावले पाहिजे. आपल्या वरच्या गल्लीत स्वसाहाय्य गट असेलच. त्या गटाच्या अध्यक्ष बाईंना शिबिराच्या आधी, ठरवण्याच्या बैठकीला बोलवा. सगळे ठरल्यावर पत्रक कन्नडमध्ये करून देण्यासाठी बोलावले, तर ते त्यांना लगेच समजते. तारीखही त्यांना विचारून ठरवा. ७ नोव्हेंबरचा आग्रह धरू नये. ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो, तोपर्यंत सुगी आटोपलेली असते.

आणखी एक. सडलेल्या जबड्यांची छायाचित्रे लावू नका. माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग होता. असे चित्र पाहून त्यांनी ठरवले की आता काही उपयोग नाही, आणि तपासणीच नाकारली. गाठीचा तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो, 'सुरी लागली की संपले', हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तुकडा तपासल्याशिवाय कोणता रोग आहे हे कळत नाही आणि उपचारही ठरत नाहीत, हे त्यांना त्यांच्या भाषेत शांतपणे समजावणारे माणूस भेटले तेव्हा उशीर झाला होता. शिबिरात उपचार घेऊन बरी झालेली एखादी बाई बसवा. तिने काही भाषण करू नये, फक्त सगळ्यांबरोबर चहा प्यावा.

वाचनालय कार्यवाह (बेळगाव तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी छापून घेऊन काल बैठकीत वाचून दाखवला. वहिनीही बसल्या होत्या. चहाच्या वेळी त्या सर्वांबरोबर बसायला तयार आहेत, असे त्या स्वतःहून म्हणाल्या.

काही गोष्टी ठरल्या. शिबिर फेब्रुवारीत, रेशन वाटपाच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात होईल. फलकावर फक्त गावाचे नाव राहील. वरच्या गल्लीतील गटाच्या अध्यक्ष बाई आणि ओढ्यापलीकडच्या शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आता आयोजकांत आहेत. लमाणी टोळ्यांसाठी मुकादमाशी बोलायचे आहे, ते काम अजून झालेले नाही. ज्यांना पुढे पाठवले जाईल त्या प्रत्येकीमागे गावातील एक नाव लिहिले जाईल. ती व्यक्ती पंधरा दिवसांच्या आत तिच्याबरोबर रुग्णालयात जाईल आणि गेली की वहीत तारीख टाकेल. माझ्या वहिनींच्या चिठ्ठीमागे असे नाव असते, तर ती सात महिने पिशवीत राहिली नसती.

पत्रक आम्ही टाकून दिले आहे. त्याऐवजी तळहाताएवढी चिठ्ठी करत आहोत. तिच्यावर चारच ओळी आहेत, म्हणून एकेक शब्द नीट हवा. मराठी मजकूर असा :

'तोंडात जखम, चट्टा. छातीत गाठ. अंगावरून अवेळी लाल जाणे. दुखत नसले तरी दाखवा.'

दख्खनीसाठी शिवणकामाच्या बाईंनी शेवटची ओळ दिली आहे, 'दुखता नै तो बी बताओ'. कन्नडसाठी आमच्या शिक्षकांनी 'नोवु इल्लदिद्दरू तोरिसि' असे लिहिले आहे. बैलहोंगलकर, आपण एकदा पाहावे.

बैलहोंगल

व्याकरणाने बरोबर आहे, पण हे पाठ्यपुस्तकातले कन्नड आहे. आमच्या घरी कोणी 'नोवु' म्हणत नाही. पोट दुखले तर आम्ही 'होट्टी ब्यानि' म्हणतो आणि दात दुखला तर 'हल्ल ब्यानि'. म्हणून 'ब्यानि इल्लंदरू तोरसरि' असे करावे. 'रि' ठेवावा, मोठ्या बायांना त्याशिवाय बोलत नाहीत. छापण्यापूर्वी गटाच्या अध्यक्ष बाईंकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. त्या वाचताना कुठे अडखळल्या तर तो शब्द काढा.